जुन्या डिझेल फोर बाय फोरचं ॲव्हरेज आणि टाकी: आधी मोजणी, मग पाना

जुनी डिझेल फोर बाय फोर ॲव्हरेज देईनाशी झाली की बहुतेक जण गाडी थेट इंजेक्शन पंप (इंजिनात दाबाने डिझेल सोडणारा पंप) दुरुस्त करणाऱ्याकडे नेतात. पंप उघडला जातो, नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) बदलले जातात, खर्च होतो आणि आकडा जिथल्या तिथे राहतो. कारण डिझेल दुसरीकडेच जात असतं. कधी चिकटलेल्या ब्रेकमध्ये, कधी टाकीच्या वरच्या बाजूला पडलेल्या छिद्रातून. कधी कधी तर ते कुठेच जात नसतं, मोठे टायर घातल्यामुळे किलोमीटरच कमी मोजले जात असतात. म्हणून पंपाला हात सगळ्यात शेवटी लावायचा. त्याआधी काय काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने, ते इथे सांगतो. ज्यांच्या इंजिनात मेकॅनिकल पंप आहे त्यांच्यासाठी हे आहे. कॉमन रेल इंजिनाला (नवीन पद्धतीचं, संगणकाने फवारा ठरवणारं) यातलं टाकीचं आणि चाकांचं सगळं लागू पडतं, नोझलजवळचं लागू पडत नाही.

आधी मोजायचं

काट्यावरून काढलेलं ॲव्हरेज खरं नसतं. टाकी फुल करायची, गाडी चालवायची, पुन्हा फुल करायची आणि दुसऱ्यांदा जेवढे लिटर गेले त्यांनी किलोमीटरला भागायचं. ही पद्धत सगळ्यांना माहीत असते, पण चुका बारकाव्यात होतात. जुन्या फोर बाय फोरची टाकी बहुधा रुंद आणि चपटी असते. गाडी जराशी एका बाजूला कललेली असली तरी दोन-तीन लिटर कमी-जास्त बसतात. शिवाय डिझेलला फेस येतो आणि पेट्रोल पंपावरची बंदूक वेळेआधीच बंद होते. तेव्हा दर वेळी त्याच सपाट जागी, गाडीचं तोंड त्याच दिशेला ठेवून, फेस बसेपर्यंत थांबून पुन्हा थोडं भरायचं.

आणि मोजणीसाठी टाकी बऱ्यापैकी रिकामी होऊ द्यायची. भरताना ३ लिटरची चूक झाली आणि तुम्ही २० लिटरवर हिशेब मांडलात, तर चूक १५ टक्के. तीच चूक ६० लिटरवर ५ टक्क्यांवर येते. दोन-तीन टाक्यांचा हिशेब एकत्र केला की ती जवळपास नाहीशी होते.

एकत्र करताना आणखी एक गफलत होते. समजा ३०० किलोमीटर रस्त्यावर १० चं ॲव्हरेज मिळालं आणि ३०० किलोमीटर खडकाळ वाटेवर ६ चं. या दोन आकड्यांची सरासरी ८ येते, पण ती चुकीची. पहिल्याला ३० लिटर लागले, दुसऱ्याला ५०. ६०० भागिले ८० म्हणजे साडेसात. नेहमी एकूण किलोमीटरला एकूण लिटरनी भागायचं.

आता टायर. मूळ २४५/७० आर १६ च्या जागी २६५/७५ आर १६ घातले तर चाकाचा व्यास साधारण ७४९ मिलिमीटरवरून ८०४ वर जातो, म्हणजे सात टक्क्यांहून थोडा जास्त. मीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी १०७ चाललेली असते. जीपीएस लावून एकदा १०० किलोमीटर जा आणि दोन्ही आकडे ताडून पाहा. फरक १.०७ पट निघाला, तर तुमचं ८.४ चं ॲव्हरेज प्रत्यक्षात ९ आहे. काही जणांचा शोध इथेच संपतो.

वहीत फक्त किलोमीटर आणि लिटर लिहू नका. रस्ता कसा होता, किती माणसं आणि सामान होतं, कॅरिअर लावला होता का, हे दोन शब्दांत टिपा. वही भरायला लागली की नुसत्या आकड्यांपेक्षा या शेऱ्यांचाच जास्त उपयोग होतो.

अपेक्षा किती ठेवायची

प्रत्येक इंजिनाची एक मर्यादा असते, ती ओलांडून मागू नये. टोयोटाचं १एचझेड हे ४.२ लिटरचं, सहा सिलिंडरचं, टर्बो नसलेलं इंजिन. त्यात डिझेल आधी छोट्या प्रीचेंबरमध्ये जळायला सुरुवात होते. लँड रोव्हरचं ३०० टीडीआय अडीच लिटरचं, टर्बोचं, डिझेल थेट पिस्टनच्या खळग्यात फवारणारं. प्रीचेंबरच्या इंजिनात उष्णता जास्त वाया जाते, त्यामुळे त्याच कामाला साधारण १० ते १५ टक्के डिझेल जास्त लागतं. चांगल्या अवस्थेतल्या १एचझेडने रस्त्यावर ८-९ दिले आणि ३०० टीडीआयने १० च्या आसपास दिले तर दोन्ही ठणठणीत आहेत. एकाची तुलना दुसऱ्याशी करून दुखणं शोधू नये. तुलना आपल्याच गाडीच्या जुन्या आकड्यांशी करावी.

वेगाचं गणितही आधीच ध्यानात घ्या. या गाड्या पेटीसारख्या असतात, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून ११० वर गेलात की तो जवळजवळ १.९ पट होतो. वर रिकामा कॅरिअर असला तर आणखी भर. लांबच्या प्रवासात वेग ९० वरून ८० वर आणला तर जो फरक पडतो, तो नवे नोझल टाकूनही पडणार नाही.

गळती, बाहेरची आणि आतली

टाकीपासून सुरुवात करून डिझेलच्या वाटेने पुढे जायचं: टाकी, पुढे जाणारी नळी, सेडिमेंटर (पाणी आणि गाळ खाली बसवणारं भांडं) असेल तर तो, फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा), फिल्टर, इंजेक्शन पंप, नोझल आणि तिथून टाकीत परत येणारी रिटर्नची नळी. प्रत्येक जोड कापडाने कोरडा पुसून घ्या, इंजिन अर्धा तास चालवा आणि टॉर्च घेऊन पुन्हा पाहा. नोझलच्या डोक्यावरच्या बारीक रिटर्न नळ्या कडक होऊन भेगाळतात. थेंब थेंब गळतं आणि गरम इंजिनावर वाळून जातं, म्हणून डाग दिसतो पण थेंब दिसत नाही.

जुन्या पंपांचे सील गळायला लागण्यामागे एक कारण डिझेल बदलल्याचंही असतं. कमी गंधकाच्या डिझेलमध्ये ॲरोमॅटिक घटक कमी असतात. पूर्वीच्या डिझेलमध्ये वर्षानुवर्षं फुगून बसलेलं रबर त्यात आकसतं आणि झिरपायला लागतं. बायोडिझेलचं मिश्रण जुन्या रबराच्या नळ्यांना मऊ करतं. सील आणि नळ्या बदलायच्याच असतील तर व्हिटॉन जातीचे घ्या, आणि नळी डिझेलसाठी बनवलेलीच हवी. पाण्याची किंवा हवेची नळी दिसायला तशीच असते, पण काही महिन्यांत आतून सुटते.

आतली गळती जास्त घातक. इंजिनावर बसवलेल्या फीड पंपाचा डायफ्राम फाटला की डिझेल थेट ऑइल चेंबरमध्ये उतरतं. बाहेर एक थेंब दिसत नाही, ॲव्हरेज मात्र पडतं. डिपस्टिक काढून पाहा. ऑइलची पातळी वाढली असेल, बोटावर ते पातळ लागत असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर गाडी तिथेच थांबवा. पातळ ऑइलने बेअरिंग जातात. पातळी फार वाढली तर इंजिन ब्रीदरमधून (आतली वाफ सोडणाऱ्या नळीतून) तेच ऑइल ओढून स्वतःच्या जोरावर पळत सुटतं आणि चावी बंद केली तरी थांबत नाही.

तिसरा प्रकार म्हणजे डिझेल बाहेर न येता हवा आत जाणं. टाकी ते फीड पंप या भागात दाब नसतो, ओढ असते. तिथला जोड सैल असेल तर तो गळत नाही, हवा खेचतो. रात्रभर उभी राहिली की सकाळी चालू व्हायला त्रास, एकदा चालू झाली की ठीक, हे त्याचं लक्षण. फिल्टरच्या आधी वीतभर पारदर्शक डिझेल नळी जोडून बघा. सगळं ठीक असेल तर त्यातून मधाच्या रंगाचा अखंड धागा जाताना दिसतो. हवा येत असेल तर मोहरीएवढे बुडबुडे एकामागोमाग सरकतात आणि नळीच्या उंच भागात जमून एक लांबट पोकळी तयार होते. इंजिन बंद करून सकाळी पाहिलंत तर ती पोकळी नळीभर पसरलेली असते. मग टाकीकडून एकेक जोड बदलत यायचं, बॅन्जो बोल्टचे (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर दर वेळी नवे टाकायचे.

गाडी मोकळी फिरते का

हा भाग सगळ्यात स्वस्त आहे आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित. पंधरा-वीस किलोमीटर चालवा, शेवटच्या दोन-तीन किलोमीटरमध्ये ब्रेक कमीत कमी वापरा, थांबा आणि चारही चाकांच्या मध्याजवळ हाताची मागची बाजू न्या. स्पर्श करू नका, जवळ नेली तरी कळतं. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा उघड जास्त तापलेलं असेल तर तिथे ब्रेक चिकटतोय किंवा बेअरिंग घट्ट आहे. मग ते चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा. चिखल-पाण्यात चालणाऱ्या गाड्यांचे व्हील सिलिंडर आणि कॅलिपरचे पिस्टन गंजून अर्धवट अडकतात. गाडी थांबवताना काहीच जाणवत नाही, पण चालताना ती सतत ओढली जात असते.

ज्या गाडीला पुढच्या चाकांवर फ्री व्हील हब (चाक ॲक्सलपासून सोडवणारे) आहेत, तिचे हब रस्त्यावर मोकळे असलेच पाहिजेत. लॉक राहिले की पुढचे ॲक्सल शाफ्ट, डिफरेन्शियल आणि प्रॉपेलर शाफ्ट उगाच फिरत राहतात. लँड रोव्हरच्या ११० मध्ये १९८३ पासून कायमची फोर बाय फोर आहे, तिथे हब मोकळे करायचा प्रश्न नाही. पण मधला डिफ लॉक (पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र जखडणारा) चुकून घातलेला राहिला नाही ना, ते बघायचं. कडक रस्त्यावर लॉक ठेवून चालवलं की पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये पीळ भरतो, आणि डिझेलपेक्षा मोठं नुकसान गिअरचं होतं.

टायरमधली हवा थंड असताना मोजा. वाळूत उतरण्यासाठी हवा कमी केली असेल तर परत भरायला विसरू नका. पुढच्या टायरची एक कड करवतीसारखी झिजत असेल तर टो-इन (पुढच्या चाकांची आत-बाहेर वळण्याची मापं) बिघडलंय, म्हणजे दोन्ही चाकं सगळा रस्ता घासत चालली आहेत.

हवा, उष्णता, आणि मग पंप

एअर फिल्टर तुंबला की काळा धूर येतो, कारण पंप डिझेल तेवढंच टाकतो आणि त्याला पुरेशी हवा मिळत नाही. टर्बो असेल तर इंटरकूलरच्या रबरी नळ्या क्लिप सोडून वाकवून पाहा. चीर बाहेरून दिसत नाही, वाकवल्यावर तोंड उघडते आणि तिच्याभोवती ऑइलचा ओलसर डाग असतो.

थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल तर इंजिन कधीच नीट तापत नाही. थंड डिझेल इंजिन जास्त पितं आणि लायनरही लवकर घासतात. बरेच जण गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. तसं केलं असेल तर तो परत बसवा आणि गरम होण्याचं खरं कारण रेडिएटरमध्ये शोधा.

धुराचा रंग ढोबळ दिशा दाखवतो. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. पांढरा म्हणजे डिझेल न जळता बाहेर पडतंय: टायमिंग मागे गेलंय, नोझल नीट फवारत नाही किंवा कॉम्प्रेशन कमी आहे. निळा म्हणजे ऑइल जळतंय.

एवढं सगळं ठीक निघालं तरच नोझल. ते काढून टेस्टरवर दाब आणि फवारा तपासून घ्या. फवारा धुक्यासारखा हवा, धार लागता कामा नये, आणि दाब थांबल्यावर टोकाला थेंब लोंबता कामा नये. परत बसवताना खालचे वॉशर नवे. त्यानंतर टॅपेट आणि इंजेक्शनचं टायमिंग. पंपावर पाहायची गोष्ट एकच: कमाल डिझेल ठरवणाऱ्या स्क्रूचं सील तुटलंय का. पिकअप वाढवण्यासाठी आधीच्या कुणीतरी तो फिरवलेला असणं अगदी सर्रास दिसतं. तो अंदाजाने परत फिरवू नका. इथे मात्र पंप बेंचवर लावणाऱ्या जाणकाराकडेच जायला हवं.

काम झाल्यावर हवा काढायची. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू सैल करून हँड प्रायमर मारत राहा, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की आवळा. मग पंपावरचा स्क्रू तसाच. तरीही चालू झाली नाही तर स्टार्टर फिरवत नोझलचे नट एकेक करून अर्धा फेरा सैल करून हवा जाऊ द्या. त्या वेळी हात आणि चेहरा लांब ठेवा. त्या दाबाची बारीक धार कातडीखाली शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसली तरी त्याच क्षणी रुग्णालयात जावं लागतं. कॉमन रेल इंजिनाच्या उच्च दाबाच्या नळ्यांचे नट चालू स्थितीत कधीही सैल करायचे नाहीत.

टाकी

एका गाडीची टाकी मी फक्त साफ करायला म्हणून उतरवली होती. खालून ती नव्यासारखी दिसत होती. पट्टे सोडून खाली घेतली तेव्हा वरच्या पत्र्यावर बोटभर जाडीचा वाळलेल्या चिखलाचा थर होता. तो खरवडला तर खाली पत्रा मधमाश्यांच्या पोळ्यासारखा झालेला. पट्ट्याखालच्या जागी पेचकस टेकवला आणि तो सहज आत गेला. टाकी फुल केली की डिझेलचा वास यायचा आणि अर्धी झाली की थांबायचा, याचा उलगडा तेव्हा झाला. जुन्या पत्र्याच्या टाक्या बहुधा वरून आणि पट्ट्याखाली सडतात. पट्टा आणि टाकीच्या मधलं रबर झिजलं की पाणी तिथेच राहतं. म्हणून चिखलातून आल्यावर टाकीच्या वरच्या बाजूला पाण्याचा फवारा मारायची सवय ठेवा.

सडलेल्या टाकीत आतून लेप ओतून काम भागवण्याच्या मी विरोधात आहे. तो लेप पुढे पापुद्र्यांनी सुटतो आणि नळीच्या तोंडाशी अडकतो. नवी टाकी बसवा. डिझेलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटते) ५५ अंशांच्या आसपास असल्याने ते सहज पेटत नाही, हे खरं. पण रिकाम्या टाकीतल्या वाफेला वेल्डिंगची उष्णता मिळाली की टाकी बॉम्बसारखी फुटते. घरी किंवा रस्त्याकडेच्या गॅरेजात टाकीला वेल्डिंग कधीच करू नका.

पाणी आणि गाळ तपासायला गाडी रात्रभर उभी ठेवा, सकाळी न हलवता ड्रेन प्लग हलकेच सैल करा आणि अर्धा लिटर काचेच्या बरणीत घ्या. तासाभराने तळाशी पाण्याचे गोळे दिसतील. काळसर, शेवाळासारखा बुळबुळीत पदार्थ दिसला तर ती बुरशी आहे. डिझेल आणि पाणी जिथे एकमेकांना टेकतात तिथेच ती वाढते, त्यामुळे नुसतं औषध ओतून भागत नाही. आधी पाणी काढायचं, टाकी धुवायची, मग बायोसाइड (बुरशी मारणारं औषध) आणि नवा फिल्टर, आणि पुढचे काही आठवडे दुसरा फिल्टर गाडीत तयार. गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा, म्हणजे आतल्या हवेतलं बाष्प पत्र्यावर कमी साचतं.

पण काठोकाठ नको. डिझेल दर अंशाला साधारण ०.०८ टक्के प्रसरण पावतं. पहाटे १५ अंशांत ८० लिटरची टाकी गच्च भरली आणि दुपारी ते ४० अंशांवर गेलं, तर दीड लिटरच्या वर डिझेलला जागा लागते आणि ते टाकीच्या ब्रीदरमधून (हवा आत-बाहेर जायच्या नळीतून) जमिनीवर येतं.

ब्रीदर तुंबला तर उलटं होतं. डिझेल जातं, त्याच्या जागी हवा येत नाही, टाकीत पोकळी तयार होते आणि चढावर गाडी लोड घ्यायची बंद होते. झाकण उघडताना सूं असा लांब आवाज आला तर समजायचं. पत्र्याची टाकी यामुळे आत चेपलेलीही मी पाहिली आहे.

काट्यावर अर्धी किंवा पाव टाकी दिसते आणि इंजिन हवा घेऊन बंद पडतं, असं झालं तर टाकीच्या आतली ओढ नळी तपासा. तिला भेग असेल तर डिझेल भेगेच्या वर असेपर्यंत सगळं सुरळीत चालतं, पातळी खाली गेली की हवा शिरते. पंपाचा दोष नसताना पंप उघडला जाण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे.

काटा नीट ओळखायचा तर एकदा ड्रेन प्लगने टाकी पूर्ण रिकामी करा आणि सपाट जागी पाच-पाच लिटर मोजून भरत जा. दर वेळी काटा स्थिर होऊ द्या आणि जागा लिहून ठेवा. फ्लोटचा दांडा वर्तुळात फिरतो आणि टाकीचा आकार वेडावाकडा असतो, त्यामुळे काट्याचा पहिला अर्धा भाग आणि दुसरा अर्धा भाग कधीच सारखे निघत नाहीत. तळाशी किती लिटर उरतात जे ओढ नळीला मिळत नाहीत, तेही याच वेळी कळतं.

जादा टाकी

जादा टाकी बसवताना लोक जागा आणि लिटर बघतात, वजन आणि रिटर्न विसरतात. एक लिटर डिझेल सुमारे ०.८४ किलोचं. ६० लिटर म्हणजे ५० किलो, वर टाकीचं स्वतःचं वजन. हे सगळं मागच्या ॲक्सलच्याही मागे लटकलं तर मागच्या स्प्रिंगवर ५० पेक्षा जास्त भार येतो आणि पुढची चाकं हलकी होतात. आत आडव्या पाट्या हव्यात, नाहीतर वळणावर डिझेल हिंदकळून गाडी ढकलतं. पत्रा जस्त चढवलेला नको. जस्त डिझेलमध्ये उतरून चिकट साबणासारखं साचतं आणि नोझलपर्यंत पोचतं. तांब्याच्या नळ्याही टाळा, तांब्यामुळे डिझेल लवकर खराब होतं.

रिटर्नचा मुद्दा असा. इंजिन ओढलेल्या डिझेलपैकी बरंच परत पाठवतं. दोन टाक्यांमध्ये निवड करणारा व्हॉल्व्ह फक्त जाणारी नळी बदलत असेल आणि रिटर्न पहिल्याच टाकीत येत असेल, तर दुसऱ्या टाकीतलं डिझेल पहिलीत जमत राहतं. ती आधीच भरलेली असेल तर ते बाहेर सांडतं, आणि तुम्हाला वाटतं की ॲव्हरेज पडलं. व्हॉल्व्ह जाणारी आणि येणारी, दोन्ही नळ्या एकत्र बदलणारा सहा तोंडांचाच हवा. मला त्याहून सोपी मांडणी पटते: इंजिन कायम मूळ टाकीवर, आणि जादा टाकीतून छोट्या विजेच्या पंपाने मूळ टाकीत डिझेल ढकलायचं, तेही मूळ टाकी अर्ध्याच्या खाली गेल्यावरच. हलणारे भाग कमी, आणि तो छोटा पंप बिघडला तरी इंजिन चालू राहतं.

लांबच्या वाटेचा हिशेब

वहीतला सगळ्यात चांगला आकडा बाजूला ठेवा, सगळ्यात वाईट घ्या. समजा टाकी ९० लिटरची, तळाचे ६ मिळत नाहीत, १५ राखीव. हाताशी ६९ लिटर राहतात. वाळूत तुमच्या गाडीने साडेपाच दिले असतील तर साधारण ३८० किलोमीटर. रस्त्यावरच्या ९ च्या हिशेबाने हाच आकडा ६२० दिसला असता. वाट चुकून परत फिरावं लागलं तर काय, हे त्या ३८० मधूनच वजा करायचं. २० लिटरचे कॅन न्यायचे असतील तर ते छतावर नको, गाडीच्या आत किंवा खाली, दोन ॲक्सलच्या मध्ये, पट्ट्याने घट्ट बांधून. टाकीत ओतताना बारीक जाळीचं नरसाळं वापरा, आणि कॅनच्या तळाचं शेवटचं पेलाभर डिझेल टाकीत न ओतता काचेच्या बरणीत घेऊन आधी पाणी बघा.